फरशीच्या गाडीचा पंप

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. प्रवासात पाठीचा पार काटा ढिला झाला, पण खोली पाहिली आणि पाठ विसरले. कारखान्याच्या आवारात गाड्यांची मोठी शेड आहे, तिला लागून ओळीने चार खोल्या, त्यातली टोकाची मला दिली. खिडक्या दोन. एकीतून शेड दिसते, दुसरीतून खाली बाजारापर्यंत उतरत गेलेला रस्ता. भिंतींना ताजा चुना आहे, नळाला पाणी आहे आणि दाराची कडी नीट लागते. एकट्या बाईला आणखी काय हवं? कुणीतरी आधीच एक फळी ठोकून ठेवली होती, तिच्यावर माझी पुस्तकं बरोबर मावली. भांडी जमिनीवर राहिली. राहू देत.

ही नोकरी नंदाव्यांनी शब्द टाकून मिळवून दिली. हे गेल्यापासून नणंद मागे लागली होती, की बंद गॅरेजची किल्ली उशाशी घेऊन आणखी किती झोपणार आहेस. तिचं खरंच होतं. यांच्या हाताखाली मी आधी पाने पुसले, मग पाने धरले, मग इंजिनं उतरवली. ऑइलच्या डब्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, ती वाचतच राहिले. हे म्हणायचे, तुला चष्मा लागला तर त्याचं पाप माझ्या गॅरेजच्या माथी.

इथे फरशी बनते. कारखाना डोंगराच्या सपाटीवर, बाजार आणि रेल्वेचा धक्का खाली. भरलेल्या गाड्या दिवसभर उतरतात, रिकाम्या चढतात. मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, की बाई, पाना धरणार की लाटणं? मी म्हटलं, दोन्ही धरते, पण फेकून मारायला लाटणं बरं पडतं. शेडमधली माणसं हसली. मुकादमही हसला, जरा उशिरा.

शेजारच्या खोलीत एक ड्रायव्हर राहतो. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पहिल्याच वाक्याला ताई म्हणून मोकळी झाली. दोघांचं लग्न उशिरा झालंय, चाळिशी गाठलेली आहे, आणि नव्या नवरानवरीसारखी भांडतात. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. बऱ्याच दिवसांनी कुणाचं तरी भांडण ऐकत जेवले. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

गाड्या तीन आहेत. दोन नव्या, हवेच्या ब्रेकच्या, त्यांना सध्या हात लावायचं कारण नाही. तिसरी जुनी, मध्यम आकाराची, नाक पुढे आलेली. तिला सगळे थोरली म्हणतात आणि घरातल्या थोरलीबद्दल बोलावं तसंच बोलतात, थोडं भिऊन, थोडं कुरकुरत. तिच्यावाचून चालत मात्र नाही, कारण बाजारातल्या अरुंद गल्लीत नव्या गाड्या वळत नाहीत.

दुपारी थोरली फाटकातून आत आली तेव्हा लंबू अक्षरशः ब्रेकवर उभा होता. दोन्ही पाय पेडलवर, बूड सीटवरून उचललेलं, डोकं टपाला टेकलेलं. फाटकाशी थांबवायची गाडी शेडच्या खांबाला नाक लावून थांबली. उतरून म्हणाला, ताई, हा ब्रेक नाही, दगड आहे. मी लंबू म्हणून निभावतोय, बुटका असतो तर भिंतीवर फोटो लागला असता. त्याची बायको दारातून ओरडली, की असलं अभद्र बोलायचं असेल तर जेवायला येऊ नकोस. तो म्हणाला, मी जेवायला येतच नाही, भांडायला येतो.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. भरलेली गाडी, तो उतार, खाली बाजारातली माणसं, आणि पायाखाली दगड. त्या दोघांकडे पाहिलं आणि मनात एवढंच आलं, की शेजारच्या खोलीत आणखी एक मी नको.

माझ्या आधीचा मिस्त्री खालच्या वळणाजवळ राहतो. धाप लागून अंथरुणाला खिळलाय. ब्रेक त्याच सुमारास बिघडला, असं कळलं. हात बदलला की काम बिघडतंच, त्यात नवल नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

सबंध दिवस थोरलीपाशी गेला. हे म्हणायचे, आधी रोग्याला बोलू दे, मग वैद्याने तोंड उघडावं. चाकांना दगड लावले. इंजिन बंद ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबलं, घट्ट होईपर्यंत. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू केलं. अशा वेळी पाय थोडा आत जायला हवा. गेला नाही. म्हणजे ब्रेकला जी मदत मिळायला हवी ती मिळत नाही.

मुकादमाचं म्हणणं पडलं, की लायनर बदला आणि मोकळ्या व्हा. त्याला समजावून सांगितलं. पेट्रोलचं इंजिन हवा आपसूक ओढतं, डिझेलचं तसं ओढत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात. तो बूस्टरच्या डब्यातली हवा काढून घेतो, मग बाहेरची हवा पेडलला आत ढकलायला हातभार लावते. पंप झिजला की ड्रायव्हरचा पाय एकटा पडतो. मुकादम ऐकून म्हणाला, बरं, तुमची भाकड गाय तुम्हीच ओळखा.

पंपाच्या तोंडाशी गेज लावला. काटा झटकन चढायला हवा. हा अर्ध्या वाटेत थरथरत बसला, जिन्यात दमून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. बूस्टर हातपंपाने ओढून पाहिला, तो ओढ धरून ठेवतो. नळ्या वाकवून, चिमटून पाहिल्या, भेग नाही. एकेरी व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिला, एका बाजूने वारा जातो, उलट येत नाही, म्हणजे शाबूत. राहिला पंप. उघडला. आतली पाती झिजून नखाएवढी उरली होती आणि तेल राखेसारखं झालं होतं. इतका झिजलेला पंप मी जन्मात पाहिला नव्हता. हा कित्येक महिने काहीएक ओढत नसणार. मग इतके दिवस ब्रेक लागत कसा होता, असं लंबूला विचारलं, तर म्हणाला, मिस्त्री होता तोवर लोण्यासारखा लागायचा.

नवा पंप कोठारातच मिळाला. कोठारात तसले बरेच रिकामे खोके पडलेत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम फत्ते! सकाळी जुना पंप उतरवला. पंपाला इंजिनशी जोडणारा दोन दातांचा कपलिंगचा तुकडा त्याच्याबरोबर बाहेर आला, तो डिझेलमध्ये धुऊन ताटलीत ठेवला. जुनं पॅकिंग खरवडून काढलं, बसण्याची जागा आरशासारखी केली. नव्या पंपात तेल ओतून तो हाताने फिरवला. आता बसवणार, तेवढ्यात मुकादमाने थांबवलं.

इथली एक रीत कळली. ब्रेकचं काम ज्याने केलं त्याने बूस्टरकडे जाणाऱ्या नळीला तोंड लावायचं आणि एकदा ओढायचं. त्याशिवाय थोरली आवाराबाहेर जात नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. हेही नळ्या तोंडानेच तपासायचे. गेज खोटं बोलेल, जीभ बोलणार नाही, म्हणायचे. फक्त शेडमधली सगळी माणसं हातातली कामं टाकून बघायला उभी राहिली, तेवढं चमत्कारिक वाटलं.

मी ओढायला गेले आणि नळीनेच मला ओढलं. ओठ चिमटले, गाल आत गेले, छातीच्या तळापासून वारा निघून गेला. तोंड सोडवता सोडवेना. काल हातपंपाने ओढून ठेवलं होतं ते शिल्लक असणार, दुसरं काय. डोळ्यांपुढे काजवे चमकले, जरा वेळ टायरवर बसले. मुकादमाने स्वतः पाणी आणून दिलं. मग उठून पंप बसवला, बोल्ट आवळले, तेलाची नळी जोडली, इंजिन सुरू केलं. काटा सरसर चढला तो थेट टोकाला. पेडल पायाखाली अलगद आत गेलं.

लंबू एक फेरी मारून आला आणि शेडमध्ये चक्क नाचला. त्याची बायको म्हणाली, ताई, या माणसाला नाचताना मी पहिल्यांदा पाहतेय, गाडी परत बिघडवा. संध्याकाळी तिने मला जेवायलाच बोलावलं. किती दिवसांनी कुणाच्या तरी घरी पोटभर जेवले.

९ नोव्हेंबर, शनिवार

ब्रेकची तक्रार नाही. मला मात्र थकवा फार. जागाबदल, नवं पाणी, आणि वय काही उलटं चालत नाही. वाचायला बसले तर एकच ओळ तीनदा वाचली.

दुपारी टेबलाशी स्टार्टरचे ब्रश घासत बसले होते. एकाएकी छातीतून कुणीतरी दोरी ओढावी तसा श्वास बाहेर गेला. दुखलं नाही. नुसता गेला. पुन्हा आत घ्यायला गेले तर क्षणभर येईना, जसं आत दार लावून घेतलंय. मग सुटलं. मान वर केली, तर थोरली फाटकाशी येऊन थांबत होती.

यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचा श्वास ऐकत पडून असायची. एक आला की पुढच्याची वाट. तीच सवय आता स्वतःच्या श्वासाला लागली म्हणायची. डोक्यातून काढून टाकलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डोक्यातून जात नाही. दिवसभर तेच. लंबू गाडी घेऊन खाली गेला की माझी छाती सुरू होते. कधी लहान लहान हिसके, कधी एक लांब ओढ, इतकी लांब की हातातला पाना खाली ठेवून खांब धरावा लागतो. गाडी शेडमध्ये उभी असली की काही नाही. मी ठणठणीत.

आज तो जेवायला बसला तेव्हा दाराशी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, की सकाळच्या फेरीत ब्रेक कुठे कुठे लावलास. तो हसला, म्हणाला, ताई, ब्रेक म्हणजे काय नवसाचे दिवे आहेत मोजून लावायला? त्याच्या बायकोने डोळे वटारले तेव्हा आठवून आठवून सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या वळणाला लांब. पुलाआधी दोन लहान. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी आडवी आली तेव्हा एकदम जोरात. मग धक्क्यापर्यंत बारीकसारीक.

मला सांगायची गरज नव्हती. तो बोलत होता तेव्हा मी मनात पुढचं आधीच म्हणत होते. ती म्हातारी आडवी आली तेव्हा मी नळावर कळशी टाकून खाली बसले होते. त्याच्या बायकोनेच मला उठवलं होतं. तो म्हातारीचं बोलला तशी ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रजा घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात मोठ्या दवाखान्यात गेले. बस जसजशी लांब गेली तसतशी छाती मोकळी होत गेली. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, नळकांड्यात फुंकायला लावलं, आणि म्हणाल्या, आजी, तुमची फुप्फुसं तरण्या पोरीची आहेत, जा घरी. आजी म्हणाल्याचा राग आला, पण हलकं वाटलं. बसस्टँडवर पोटभर खाल्लं, एक जुनं पुस्तक घेतलं. परत यायला दुपार कलली.

टाकीच्या वळणावर गर्दी होती. थोरली डोंगराच्या भिंतीला घासून उभी होती, एक बाजू सोलून निघालेली, फरशांचा चुरा रस्ताभर. लंबू कडेच्या दगडावर बसला होता. हात त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले होते. म्हणाला, सकाळपासून पेडल घट्ट होत चाललं होतं, आणि इथे पूर्ण दगड. गिअर खाली घेतला, भिंतीला घासत आणली, म्हणून वाचलो.

मी चढून आत बसले. इंजिन बंद होतं. पेडलवर पाय ठेवला. अलगद आत गेलं. आणि माझा श्वासही गेला.

मुकादम खाली उभा होता. सगळे गाडीकडे बघत होते. तो एकटा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, बाई, न सांगता लांब जात जाऊ नका.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

घासलेली बाजू ठोकायला गाडी आज उभी आहे. टेबल आवरायला घेतलं. चिंध्यांखाली ती ताटली सापडली. ताटलीत कपलिंगचा तुकडा.

मी तो बसवलाच नव्हता. नळीला तोंड लावायला उठले, चक्कर आली, पाणी प्यायले, आणि तुकडा तसाच राहिला. नव्या पंपाच्या खोक्यात तो येत नाही, जुन्याचाच लावायचा असतो, हे मला ठाऊक आहे. आजवर अशी चूक माझ्या हातून झाली नाही. हे असते तर आठवडाभर टोमणे मारले असते.

म्हणजे तो पंप बसवल्यापासून एकदाही फिरलेला नाही. एकदाही नाही. इंजिन त्याला फिरवूच शकत नाही. आणि ब्रेक लोण्यासारखा लागतोय.

गेज लावला. इंजिन थंड, किल्ली माझ्या खिशात. काटा टोकाला. तिथेच उभी राहून बघितलं. मी श्वास घेतला की काटा किंचित खाली येतो. सोडला की वर जातो.

थांबवून पाहिला. काटा थांबला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चूक आहे ती सुधारायची, एवढंच मला येतं. पंप उतरवला, कपलिंग बसवलं, पुन्हा चढवला. इंजिन सुरू केल्याबरोबर पंपाची बारीक घरघर ऐकू आली. इतक्या दिवसांत ती ऐकू येत नव्हती हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? काटा वर गेला, माझी छाती जागच्या जागी राहिली. लंबूच्या तीन फेऱ्या झाल्या, काही नाही. मुकादमाने घरघर ऐकली आणि मान हलवली.

पोटभर जेवले. चाळीस पानं वाचली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पेडल सकाळी पुन्हा घट्ट. पंप उघडला. दोन दिवसांत पाती नखाएवढी. तेलाची राख.

कोठारातले ते रिकामे खोके आता कळले. किती पंप खाल्ले असतील हिने. नवा मागवते म्हटलं तर मुकादम म्हणाला, कशाला? बाई, तुम्ही आहात ना.

जुन्या मिस्त्रीकडे गेले. मला वाटलं होतं अंथरुणावर असेल. ओट्यावर बसून विडी ओढत होता. सून कौतुकाने सांगत होती, की मामंजी बसल्या बसल्या झोपायचे, आडवं पडता येत नव्हतं, आणि त्या गुरुवारपासून अशी काही कळ फिरली की आता डाराडूर घोरतात. कुठला गुरुवार, ते मी विचारलं नाही.

मिस्त्री माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, की त्याच्या आधीच्यालाही असंच झालं होतं. वारा संपत आला की पेडल घट्ट होतं. मग दुसरा आणतात. दुसऱ्याने तोंड लावलं की पहिला सुटतो. मी तोंड लावलं तसा तोही सुटला. मी म्हटलं, मला सांगावंसं वाटलं नाही? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही तोंड लावलं असतं?

सुनेने चहा आणला. घेतला नाही.

परत आले तेव्हा थोरली उतारावर होती. छाती पुन्हा सुरू.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लंबूला सगळं सांगितलं. गाडी नेऊ नकोस म्हटलं. तो चेष्टा करायला गेला, बायकोने हात धरून गप्प बसवला. तिने पाहिलंय मला. नळावर, दारात, शेडमध्ये. ती म्हणाली, ताई खोटं बोलत नाहीत. तो म्हणाला, मी नाही नेली तर मुकादम दुसऱ्याला बसवेल, आणि त्याच्या पायाखाली दगडच असेल. खरं आहे. पहिल्या दिवशी तसाच पाठवत होता ना त्याला.

मी इथून गेले तर कुणीतरी त्या वळणावर मरतो. राहिले तर —

लिहिताना थांबावं लागतंय. तो बाजारात असेल.

२० नोव्हेंबर, बुधवार

बरी बातमी. मालक येऊन सोललेली बाजू बघून गेले. गाडी भंगारात काढा म्हणाले. भंगारवाला खाली, धक्क्यापलीकडे. ओढून न्यायला दुसरी गाडी लावायची नाही, आपल्या चाकांवरच जाऊ दे, असा हुकूम. म्हणजे एकदाच उतरायचं. उद्या. मग तिथे तिचे तुकडे.

एक उतार. एवढा होईल माझ्याने.

पण पेडल घट्ट होऊ लागलंय. लंबू सांगत नव्हता. मीच पाय ठेवून पाहिला.

दोन ओळी लिहिल्या की — बसावं लागतं. वाचन बंद. शेजारी भांडण नाही आज. दोघं हळू बोलताहेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नवा मिस्त्री आला. मुकादमाने बोलावलेला. गोल चेहऱ्याचा, सारखा हसतो. दोन मुली आहेत, फोटो दाखवला. मला म्हणाला, मावशी, तुमचं नाव ऐकून आहे, तुमच्या हाताखाली शिकेन.

मुकादमाने नळी सोडली. त्याच्या हातात दिली. म्हणाला, इथली रीत आहे, तोंड लावा. गाडी खाली सुखरूप जायला हवी ना. माझ्याकडे बघून हळूच — बाई, तुम्ही सुटता.

सुटले असते. खोटं कशाला लिहू, ते कानाला गोड लागलं. आडवं पडून झोपणं. पुस्तकं. एक उतारच तर आहे, त्याला काय होणार, असंही आलं मनात. पण त्या ओट्यावरच्या माणसालाही — असंच वाटलं असेल. बाईच तर आहे, काय होणार.

आणि गाडी भंगारात जाईलच, असं कुणी सांगावं. मालकाचा शब्द. उद्या फिरला तर?

नळी त्याच्या हातातून घेतली. मीच लावलं तोंड. पुन्हा.

सगळं दिलं. जे होतं ते. काटा टोकाला गेला. नवा मिस्त्री म्हणाला, मावशी, हे काय केलंत. मुकादमाने पहिल्यांदा मान खाली घातली.

लंबूला म्हटलं — सावकाश. आणि किल्ली भंगारवाल्याच्या हातात देऊ नकोस. गाडी तोडायला लावल्याशिवाय — हलू नकोस.

तो म्हणाला, ताई, मी नेत नाही. मी म्हटलं, आता दिलंय. वाया घालवू नकोस.

२१, दुपार

खोलीत खिडकीशी बसलेय. त्याची बायको शेजारी. माझी पाठ चोळतेय. लिहू नका म्हणते. लिहिते. हात चालतोय तोवर कळेल — कुठवर पोचला.

सुटला. फाटक — लहान.

टाकी. लांब. फार लांब. सोडली.

आहे.

ती विचारतेय कुठे आहे तो. बोटाने दाखवते खिडकीतून. गाडी दिसत नाही. धूळ दिसते.

पूल. एक. दुसरी —

थांबले होते. डोळे मिटले होते. तिने हलवलं. ती रडतेय. रडू नकोस गं. त्याचा पाय — हलका आहे. चांगला चालवतो.

बाजार. लहान. लहान. गर्दी असणार. कुणीतरी आडवं —

जोरात. सोडत नाही. सोडत नाही अजून. दाब. दाब लंबू. आहे. तळाला आहे थोडा — घे — भिऊ नकोस — अजून आ